सही आमचीच आहे, पण विचारलं कुणी होतं?

प्रश्न : आम्ही कराडला राहतो. मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, मिस्टरांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. २०२५ च्या जानेवारीत आम्ही एका बँकेतून घरासाठी ३० लाखांचं कर्ज काढलं, २० वर्षांच्या मुदतीचं. तेव्हा व्याज साडेआठ टक्के होतं. परवा इन्कम टॅक्ससाठी व्याजाचा दाखला काढला तर मूळ कर्ज ३१ लाख ८० हजार दिसलं. शाखेत विचारल्यावर म्हणाले, वरचे १ लाख ८० हजार हा 'लोन प्रोटेक्शन'चा प्रीमियम आहे, तुम्ही सही केलीय. सही आमचीच आहे, हे खरं. शंभर ठिकाणी सह्या घेतल्या, त्यातली ती एक. पण तेव्हा लोन ऑफिसरचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला होता, 'इन्शुरन्सची सही राहिलीय, त्याशिवाय डिसबर्स होणार नाही.' म्हणजे कर्जाचे पैसे मिळणार नाहीत. तो मेसेज अजून आहे. आता भांडून विम्याचं प्रमाणपत्र मागवून घेतलं तर विमा फक्त मिस्टरांच्या नावाने आणि फक्त १० वर्षांचा. हप्ता तर माझ्या पगारातून जातो! मिस्टरांना सहा वर्षांपासून शुगर आहे, पण फॉर्मवर सगळीकडे 'नाही' अशी खूण आहे. ती आम्ही केलेली नाही. शाखेतले म्हणतात, सरेंडर करा, लाखभर रुपये मिळतील. ओळखीचा एक एजंट म्हणतो, पूर्ण पैसे काढून देतो, पाच हजार आधी आणि मिळतील त्याचे पंधरा टक्के नंतर. तक्रार केली तर बँक डूख धरून व्याज वाढवेल का, याचीही भीती वाटते. आणि दीर पुढच्या महिन्यात त्याच शाखेतून कर्ज घेतोय. काय करावं? — एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी दोन गोष्टी करू नका, मग काय करायचं ते बघू.

या महिन्याचा हप्ता थांबवू नका आणि त्यातून 'विम्याचे तेवढे' कापूनही भरू नका. राग कितीही रास्त असला तरी बँकेच्या संगणकाला निषेध कळत नाही, थकबाकी तेवढी कळते. एकदा सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडला की मूळ तक्रार बाजूला राहते आणि तुम्ही तो डाग पुसत बसता. दुसरं, सरेंडरच्या फॉर्मवर इतक्यात सही करू नका. शाखेने हा रस्ता प्रेमाने सुचवलेला नाही. ज्याने समजून-उमजून विमा घेतला आणि नंतर ज्याचं मन बदललं, त्याच्यासाठी सरेंडर असतं. तिथे उरलेल्या मुदतीचा हिशोब होतो, त्यातून कापाकापी होते आणि उरेल ते हातावर ठेवलं जातं. तुमची तक्रार निराळी आहे. विक्रीच मुळात चुकीची झाली, असं तुमचं म्हणणं आहे. तुम्ही सरेंडर केलंत की बँक उद्या म्हणणार, 'यांनी विमा मान्य केला होता, नंतर स्वतःहून बंद केला.' लाखभर रुपयांसाठी तुमची बाजू अशी विकू नका.

आता तुमच्या गळ्यात नेमकं काय पडलंय ते पाहू. हा समूह विमा असतो. मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर असते आणि कर्जदार तिचा सभासद होतो. म्हणून तुम्हाला पॉलिसी न मिळता प्रमाणपत्र मिळतं, आणि तेही तुमच्यासारखं भांडून मागितलं तर. प्रीमियम एकरकमी असतो. ती रक्कम तुमच्या खिशातून जात नाही, कर्जात मिळवली जाते. खुबी इथेच आहे, कारण देताना काही दुखत नाही. पण हिशोब करून बघा. १ लाख ८० हजारांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता महिना साधारण १,५६२ रुपये येतो. दर तोच धरला तर २० वर्षांत त्याचे पावणेचार लाख होतात. म्हणजे १० वर्षांच्या विम्याचे पैसे तुम्ही २० वर्षं फेडणार, दुपटीहून जास्त! शिवाय १० वर्षांनी, विमा संपेल त्या दिवशी, याच दराने तुमच्यावर सुमारे २२ लाख शिल्लक असतील. 'कर्जाला संरक्षण' म्हणून जे विकलं ते बावीस लाखांचं ओझं डोक्यावर असताना निघून जाणार, आणि तोवरही ज्या माणसाच्या पगारातून हप्ता जातो त्या माणसाला त्यात धरलेलंच नाही. विमा वाईट नसतो, गृहकर्ज असलेल्या प्रत्येक घरात तो असावा असं मी या सदरात अनेकदा लिहिलंय. पण हा विमा तुमच्या गरजेला बेतलेला नाही, शाखेच्या टार्गेटला बेतलेला आहे.

'सही केलीय' या वाक्याला किती घाबरायचं? थोडं घाबरायला हवं. सही असणं हा बँकेच्या बाजूचा भक्कम कागद आहे आणि त्या फॉर्मवर बारीक अक्षरात 'मी स्वेच्छेने विमा घेत आहे' असंही छापलेलं असणार. पण पुढचा प्रश्न असा की, नाही म्हणायची सोय होती का? रिझर्व्ह बँकेच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत. विमा घेणं पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि बँकेच्या दुसऱ्या कुठल्याही सुविधेशी त्याचा संबंध नाही, हे बँकेने आपल्या जाहिरात साहित्यात ठळकपणे सांगायचं असतं. अमुकच कंपनीचा विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर एक वस्तू किंवा सेवा देण्यासाठी दुसरी घ्यायला लावणं, ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हणून व्याख्येतच बसवलेली आहे. म्हणून तुमच्या फोनमधला तो मेसेज त्या छापील वाक्याला तोडीस तोड आहे. 'त्याशिवाय डिसबर्स होणार नाही' हे लिहून देणारा अधिकारी रोज भेटत नाही. बहुतेक जण हे तोंडी सांगतात आणि नंतर कानावर हात ठेवतात.

इथे एक फरक सांगून ठेवते, कारण शाखेतले लोक या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात. घराच्या वास्तूचा विमा वेगळा. घर बँकेकडे तारण असतं, त्यामुळे आग-भूकंपाचा विमा उतरवा अशी अट करारात असू शकते आणि ती गैर नाही. तोही कुठल्या कंपनीकडून घ्यायचा हे मात्र तुम्ही ठरवायचं. तुमच्या कर्जाला जोडलाय तो जीवनविमा. 'करारातच लिहिलंय' असं कुणी म्हणालं तर कुठल्या विम्याबद्दल लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

पुरावे. तो मेसेज असलेला सगळा संवाद एक्स्पोर्ट करून स्वतःला ई-मेल करा, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, आणि तूर्त फोन बदलू नका. मग बँकेकडे लेखी मागणी करा : कर्जाचा मूळ अर्ज, मंजुरीपत्र, 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाचा सगळा खर्च मांडणारा तक्ता), विम्याचा प्रस्ताव अर्ज आणि आरोग्याचं घोषणापत्र, आणि पडताळणीचा फोन किंवा ओटीपी झाला असेल तर त्याची नोंद. यातला मूळ अर्ज फार बोलका असतो. तुम्ही त्यावर ३० लाख मागितले असणार, कारण ३१ लाख ८० हजार असा आकडा कुणी मागत नाही. मागणी आणि वाटप यांच्यातला फरक नेमका प्रीमियमइतका असेल, तर तो आकडा कुठल्या टेबलावर तयार झाला हे वेगळं सांगायला नको.

की फॅक्ट स्टेटमेंटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या बाजूचा नियम नवा आहे आणि शाखांमध्ये अजून तो नीट मुरलेला नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक रिटेल, म्हणजे व्यक्तींना दिलेल्या, मुदत कर्जाला हा तक्ता द्यावाच लागतो, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत. कर्जाचा वर्षाचा एकूण खरा खर्च, म्हणजे एपीआर, त्यात दाखवायचा आणि बँकेने दुसऱ्या कंपनीसाठी वसूल केलेला विम्याचा खर्चही त्यात धरायचा. तक्त्यात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे कधीही लावता येत नाही. तुमचं कर्ज २०२५ च्या जानेवारीतलं, म्हणजे या नियमाच्या आतलं. तक्त्यात विमा नसेल तर तुमचं काम बरंचसं सोपं झालं. असेल, तर तो तक्ता तुम्हाला कधी दिला, कोणत्या भाषेत दिला, सह्यांच्या ढिगाऱ्यात दिला की आधी, हे विचारता येतं.

आता सर्वांत नाजूक भाग, शुगरचा. तुम्ही पत्रात तो ओझरता लिहिलाय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. आरोग्याच्या घोषणापत्रावर 'नाही' अशा खुणा परस्पर करून घेणं ही शाखांमधली जुनी खोड आहे. 'हो' लिहिलं की वैद्यकीय तपासणी आली, तपासणी आली की उशीर झाला, आणि उशीर झाला की महिन्याचं टार्गेट हुकलं. पण दावा करायची वेळ आली तर कंपनी खूण कुणी केली हे बघत नाही, सही कुणाची आहे ते बघते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिली तीन वर्षं कंपनी माहिती दडवल्याच्या मुद्द्यावर पॉलिसी नाकारू शकते. तीन वर्षांनंतर तिला ती उकरून काढता येत नाही. कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल, 'मग तीन वर्षं गप्प बसा.' माझा त्याला विरोध आहे. या तीन वर्षांत काही बरंवाईट झालं तर हाती फक्त वाद राहील. आणि खोटी माहिती आपल्या सहीखाली आहे हे कळल्यावर गप्प बसणं म्हणजे शाखेची चूक आपल्या अंगावर घेणं. कळलं त्या दिवशी लिहून कळवणारा माणूस वेगळा आणि माहीत असून दडवणारा वेगळा. तुम्ही पहिल्या बाजूला राहा.

मात्र एक क्रम पाळा. आधी दुसरा विमा, मग तक्रार. तुमच्या स्वतःच्या नावाने साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या, कर्जाच्या उरलेल्या मुदतीइतका आणि कर्जाहून थोडा मोठा. याला थांबू नका. घर तुमच्या पगारावर उभं आहे आणि आज तुमच्यावर काहीच संरक्षण नाही. तुमच्या पतींसाठीही अर्ज करा, शुगरचे रिपोर्ट जोडून, काही न लपवता. कंपनी प्रीमियम वाढवून घेईल किंवा नाकारेल. वाढवून दिला तर घ्या आणि जुना सोडा. सरळ नाकारला, तर हा जुना विमा जपावा का, हा खरा पेच आहे. मला विचाराल तर जपण्यासारखा तो राहत नाही. खरी माहिती कळवली की बहुधा कंपनी स्वतःच हात काढून घेईल आणि न कळवता ठेवलेल्या विम्याचा भरवसा नाही. हप्ता दुकानाच्या कमाईवर अवलंबून असता तर मी दहादा विचार केला असता. तुमच्या घरात तसं नाही. तरीही हा निर्णय तुम्ही दोघांनी बसून घ्यायचा आहे, पत्रातून मी नाही.

मग अर्ज करा. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, शाखाधिकाऱ्याला नव्हे. शाखेत फक्त एक प्रत द्या आणि दुसरीवर पोच घ्या. विमा कंपनीच्या तक्रार विभागालाही तोच मजकूर पाठवा. भाषा तापलेली नको. फसवणूक, लूट, दरोडा हे शब्द मनात ठेवा. साधारण असं लिहा :

'आम्ही ३० लाख रुपयांच्या गृहकर्जासाठी अर्ज केला होता. विम्याच्या सहीशिवाय कर्ज वितरित होणार नाही, असं आपल्या अधिकाऱ्याने अमुक तारखेच्या संदेशातून कळवलं. प्रत सोबत जोडली आहे. विमा ऐच्छिक असल्याचं आम्हाला सांगण्यात आलं नाही. त्याची मुदत १० वर्षांची आहे आणि तो फक्त एका कर्जदाराचा आहे, हेही सांगितलं नाही. आरोग्याविषयीची उत्तरं आम्ही भरलेली नाहीत. विमाधारकाला मधुमेह आहे, हे आम्ही आज लेखी कळवत आहोत. हा विमा सुरुवातीपासून रद्द करावा, १,८०,००० रुपये वितरणाच्या तारखेपासून कर्जखात्यात जमा धरावेत, त्या रकमेवर आजवर आकारलेलं व्याज परत करावं आणि विमा जोडलाच नसता तर कर्जखातं जिथे असतं तिथे ते आणून परतफेडीचं नवं वेळापत्रक द्यावं. ही मागणी सरेंडरची नाही.'

यातला 'वितरणाच्या तारखेपासून' हा शब्दप्रयोग गाळू नका. नुसता 'प्रीमियम परत करा' असं लिहिलंत तर १ लाख ८० हजार आजच्या तारखेला जमा होतील. त्यावर पहिल्या वर्षीच गेलेलं सुमारे १५ हजार रुपये व्याज मात्र बँकेकडेच राहील. आणखी एक. विमा घेतला म्हणून व्याजदरात सवलत दिली असेल तर मंजुरीपत्रात ती दिसेल. काही बँका तसं करतात. तसं असेल तर विमा निघाल्यावर दर थोडा वाढू शकतो, तेवढं गृहीत धरा. जुन्या करप्रणालीत या प्रीमियमची ८०सीखाली वजावट घेतली असेल तर सीएला आत्ताच सांगून ठेवा. एकरकमी प्रीमियमचा विमा दोन वर्षांच्या आत बंद झाला की ती वजावट उलटते.

मोफत पाहणीचा, म्हणजे 'फ्री लुक'चा मुद्दाही अर्जात एका ओळीत घाला. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत, अटी पटल्या नाहीत म्हणून, ती परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. तुमच्या प्रमाणपत्रावर ही मुदत छापलेली असेल, ती वाचा. प्रमाणपत्र तुमच्या हाती आत्ताच पडलंय, असं तुम्ही म्हणता. तर ते आधी कधी आणि कसं पोचवलं याचा पुरावा त्यांच्याकडे मागा. ई-मेलवर एखादी लिंक पाठवली होती असं ते म्हणतील. जुनी मेल शोधून ठेवा, म्हणजे त्यांच्या तोंडून ऐकायची वेळ येणार नाही. आणि हे ३० दिवस प्रमाणपत्र हाती आलं त्या दिवसापासून मोजले जाण्याची शक्यता असेल तर अर्ज त्याच्या आत गेलेला बरा. म्हणजे टर्म इन्शुरन्सचा अर्ज आजच टाका. मात्र तिकडचं उत्तर लांबलं तर पाहणीची मुदत दवडू नका.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा गोलमाल उत्तर दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. बँकेने विकलेल्या विम्यातल्या तक्रारी २०१७ च्या जुलैपासून तिथे चालतात. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकता येते, किंवा साध्या कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्राला पाठवता येते. १४४४८ या क्रमांकावर मराठीतून माहिती मिळते. फी नाही आणि वकील चालतच नाही. विमा कंपनीविरुद्धची बाजू, म्हणजे खोटं घोषणापत्र आणि न सांगितलेल्या अटी, विमा लोकपालाकडे जाते. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही तर वर्षाच्या आत तिथे पोचायचं. कराडसाठी पुण्याचं कार्यालय. तिथेही फी नाही, वकील नाही आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. त्याआधी विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर नोंद केलीत तर कंपनी जरा लवकर हलते. (कर्ज गृहवित्त कंपनीचं असतं तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे जावं लागलं असतं आणि पतसंस्थेचं असतं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. हे इतर वाचकांसाठी.)

माझ्या मते तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालापासून सुरुवात करावी. सक्ती बँकेने केली, रक्कम कर्जात बँकेने मिळवली आणि तुमचा सर्वांत मजबूत कागद बँकेच्याच माणसाचा आहे. एकच गाऱ्हाणं एकाच वेळी दोन दारांत नेऊ नका, त्या कारणावरून तक्रार फेटाळली जाऊ शकते. दोन्हीकडे निराशा झाली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याला तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथली मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तुम्हाला कधी कळलं यावरून नव्हे, तर कर्ज वितरणापासून मोजली जाईल, असं धरूनच चाला.

यश येईलच का? तशी खात्री मी देऊ शकत नाही. मेसेज नसता, तर शब्दाविरुद्ध शब्द झाला असता आणि छापील फॉर्म जिंकण्याची शक्यता मोठी होती. मेसेज, ३० लाखांचा अर्ज, अर्ध्याच मुदतीचा विमा आणि चुकीचं घोषणापत्र हे सगळं एकत्र पाहता तुमची बाजू चांगली आहे. बँका अनेकदा लोकपालाकडे प्रकरण गेल्यावर तडजोडीला येतात. 'अर्धे घ्या आणि मिटवा' असा प्रस्ताव आला तर लेखी मागा आणि वरच्या हिशोबाशी ताडून बघा.

बँक डूख धरेल ही भीती सोडा. तुमच्या कर्जाचा दर बदलता असेल तर तो बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याला) बांधलेला आहे. तक्रार केली म्हणून तो हलत नाही. हप्ते वेळेवर जात असताना कर्ज परतही मागता येत नाही. आणि हा विषय तुमच्या शाखेपुरता नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबईत बँकांच्याच परिषदेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चुकीच्या विमाविक्रीमुळे कर्ज घेणाऱ्याचा खर्च आडमार्गाने वाढतो, असं सुनावलं होतं.

ब्रिटनमध्ये हेच प्रकरण केवढं झालं, ते सांगण्यासारखं आहे. तिथे त्याला पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स म्हणत, पीपीआय. कर्ज, क्रेडिट कार्ड, गाडीचं फायनान्स, जिथे जमेल तिथे चिकटवलेला विमा. स्वतःचा धंदा असलेल्यांना नोकरी गेल्यावर भरपाई देणारा विमा विकला गेला, जो त्यांना कधी मिळालाच नसता. तिथल्या बँकाही आधी सही दाखवत राहिल्या. भरपाईच्या नियमांविरुद्ध त्या कोर्टात गेल्या आणि २०११ च्या एप्रिलमध्ये हरल्या. पुढे तक्रारींना २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरली. तिची आठवण करून द्यायला नियामकाने अर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक मुंडकं जाहिरातीत नाचवलं! एकूण ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत गेली. परत देताना हप्ता, त्यावर लागलेलं व्याज आणि वर साधारणपणे वर्षाला आठ टक्के सरळ व्याज, असा हिशोब होता. तुमच्या अर्जातली 'विमा जोडलाच नसता तर' ही मागणी त्याच धर्तीची आहे. ब्रिटनचा निकाल इथे बंधनकारक नाही, पण मागणी रास्त आहे हे त्यातून दिसतं.

त्या पैशातला मोठा वाटा तिथे मध्यस्थांनी खाल्ला. लोकांना फुकट भरता आला असता असा फॉर्म भरून देण्यासाठी कंपन्या इतकी टक्केवारी घेऊ लागल्या की २०१८ मध्ये कायद्याने त्यांच्या फीला २० टक्के अधिक करांची मर्यादा घालावी लागली. (लंडन-लेस्टरकडच्या वाचकांना 'तुमचा पीपीआय अडकलाय, आधी फी भरा' असे फोन अजून येत असतील तर सरळ ठेवून द्या.) तुमच्या ओळखीच्या एजंटाचे पाच हजार आणि पंधरा टक्के याच जातीचे. दोन्ही लोकपालांकडची तक्रार तुम्हाला स्वतःला फुकट करता येते, मग पैसे कशाचे? त्याला आधार, ओटीपी, बँकेचं लॉगिन काही देऊ नका. तक्रार नोंदवल्यावर 'विमा नियामकाच्या ऑफिसातून बोलतोय, रिफंड मंजूर झालाय, आधी जीएसटी भरा' असा फोन आला तर तो भामट्याचाच. नियामक असे फोन करत नाही आणि पैसे मागत नाही.

राहिला तुमचा दीर. त्याला म्हणावं, अर्ज करतानाच एका ओळीचा ई-मेल शाखेला पाठव : 'मला कर्जासोबत जीवनविमा नको, मी स्वतंत्र टर्म इन्शुरन्स घेणार आहे.' मग की फॅक्ट स्टेटमेंट मराठीत माग आणि घरी आण. ते हाती आल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, तेवढ्या काळात बँकेला अटी बदलता येत नाहीत. त्यात विम्याची ओळ दिसली तर सही करण्याआधी ती काढून नवा तक्ता माग. तरीही कुणी 'साहेब, विमा कंपल्सरी आहे' म्हणालं, तर त्याला तेवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांग.